डाग नेमका कोठे द्यायचा?

जुनाट कंबरदुखीत मज्जातंतू जाळण्याच्या उपचारांची हकीकत

दिवाळी चार दिवसांवर आली की घरोघरी माळ्यावरचे पितळी डबे खाली उतरतात आणि त्याच मुहूर्तावर घरातल्या कोणाची तरी कंबर धरते. ‘उसण भरली’, ‘चमक निघाली’, ‘मणका सरकला’ अशी या दुखण्याला आपल्याकडे नावे पुष्कळ, आणि इलाज त्याहून पुष्कळ. कोणी निरगुडीच्या पाल्याचा शेक सांगतो, कोणी बिब्बा घालायला सांगतो, तर कोणी आळीतल्या पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय पाठीला लावून घेतो. आठ-पंधरा दिवसांत कंबर मोकळी होते आणि श्रेय ज्याचा इलाज शेवटी झाला त्याला मिळते.

वस्तुतः पायाळू माणूस आला नसता तरी ती उसण बहुधा गेलीच असती. बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपण होऊन ओसरते. पण काही दुर्दैवी जीवांचे दुखणे तीन महिने उलटले तरी हटत नाही, वर्ष गेले तरी सोबत सोडत नाही. बसले तर उठवत नाही, उठले तर उभे राहवत नाही. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने त्रस्त होते, असा एक मोठा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे.

अशा माणसाला हल्ली कोणीतरी सांगतो, “अहो, आता नस जाळून टाकतात म्हणे! सुई घालायची, यंत्र लावायचे, की दुखणे बंद!” मुंबई-पुण्याकडे ‘पेन क्लिनिक’च्या पाट्या दिसू लागल्याच आहेत. तिथे गेलेल्याला मग नवीनच कोडे पडते. एक डॉक्टर साध्या उष्णतेने जाळतो, दुसरा पाण्याने थंड राखलेल्या सुईने जाळतो, तिसरा गोठवतो, चौथा दुर्बिणीतून पाहून कापतो. यांतले चांगले कोणते? घरातली पुंजी मोडून पोटावर झोपायचे तर ते कोणत्या सुईखाली?

प्रश्न रास्त आहे. परंतु या उपचारांचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास वाचला म्हणजे असे दिसते, की सुई कोणती हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न वेगळाच आहे, आणि तो न विचारल्यामुळे भल्याभल्यांची फसगत झाली आहे.

खांब, गादी आणि बिजागऱ्या

डागणे आपल्याला नवे नाही. सुश्रुतसंहितेत अग्निकर्मावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि खेडोपाडी डाग देणारे जाणते आजोबा अनेकांनी पाहिले असतील. त्यांचा हिशेब सरळ असे: जिथे दुखते तिथे डाग. आजचा डॉक्टर दुखऱ्या जागेला सहसा हात लावत नाही. दुखण्याचा निरोप मेंदूकडे नेणारी जी बारीक तार आहे, तेवढी तो तोडू पाहतो.

ही तार समजण्यासाठी कंबरेची रचना थोडी पाहिली पाहिजे. कंबरेत पाच मणके एकावर एक रचलेले असतात. पुढच्या बाजूला मणक्याचा जाड ठोकळा, आणि दोन ठोकळ्यांच्या मध्ये गादी. मागच्या बाजूला प्रत्येक दोन मणक्यांना जोडणाऱ्या दोन लहान बिजागऱ्या, एक डावी आणि एक उजवी. त्यांना फॅसेट सांधे म्हणतात. गुडघ्याचा सांधा झिजतो तशा याही झिजतात. १९११ साली बोस्टनचे गोल्डथ्वेट यांनी कंबरदुखीचे मूळ या सांध्यांत असू शकेल असे सुचवले होते. १९३३ साली गॉर्मली यांनी त्या दुखण्याला नावही दिले. पण पुढच्याच वर्षी मिक्स्टर आणि बार यांनी सरकलेल्या गादीवरचा आपला प्रसिद्ध निबंध छापला, आणि पुढे कित्येक वर्षे सगळा दोष गादीच्याच माथी बसला.

या बिजागऱ्यांची खबर नेणारे मज्जातंतू अगदी बारीक असतात. प्रत्येक सांध्याला दोन तंतू मिळतात, एक त्याच मजल्यावरचा आणि एक वरच्या मजल्यावरचा. म्हणून एका सांध्याची वेदना थांबवायची तर दोन तंतू जाळावे लागतात. एकाच बाजूचे लागोपाठचे दोन सांधे असतील तर तीन. पायात ताकद आणणाऱ्या जाड मज्जातंतूंहून हे वेगळे. तेव्हा “नस जाळली तर पाय लुळा पडेल का?” ही जी धास्ती घरोघरी असते, तिचे उत्तर असे, की सुई योग्य जागी असेल तर पडणार नाही. आणि ती योग्य जागी आहे ना, याचीच खातरजमा जाळण्यापूर्वी केली जाते.

तंतूपर्यंत न पोचलेली सुरी

आता ती फसगतीची गोष्ट.

१९७१ साली ऑस्ट्रेलियातील रीस नावाच्या सर्जनने जाहीर केले, की आपण पाठीवर लहानशी चीर देऊन, लांबट सुरी आत सारून, हे तंतू कापतो. हजारभर रुग्णांवर हा प्रयोग झाला होता आणि त्यांतील जवळजवळ सर्वांना गुण आला होता! असा दावा ऐकून कोण स्वस्थ बसेल? अमेरिकेतील मेंदू-शल्यविशारद नॉर्मन शीली यांनी ही पद्धत करून पाहिली. सुरीने रक्तस्राव होतो असे दिसल्यावर त्यांनी सुरी सोडली आणि रेडिओफ्रीक्वेन्सी विद्युत्प्रवाहाची सुई हाती घेतली. रक्त नाही, चीर नाही. त्यांनाही चांगले अनुभव आले आणि ही रीत देशोदेशी पसरली.

मग आले निकोलाय बॉगडक हे ऑस्ट्रेलियातील शरीररचनाशास्त्रज्ञ. त्यांनी रुग्णांच्या गर्दीकडे न पाहता शवविच्छेदनाच्या टेबलाकडे पाहिले. हे तंतू नेमके कोठून जातात ते त्यांनी धागा धागा सोडवून शोधले. १९७७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की रीस यांची सुरी त्या तंतूंपर्यंत पोचतच नव्हती. १९७९ साली त्यांनी आणि लाँग यांनी सुईवाल्यांचाही हिशेब तपासला. ज्या खुणांवर सुया टेकवून लोक उष्णता देत होते, त्या जागी तंतू नव्हतेच!

वाचकहो, या गोष्टीचा अर्थ नीट ध्यानात घ्या. तंतू कापला गेला नव्हता, तरी शेकडो माणसे बरी वाटून घरी गेली होती. ती खोटे बोलत नव्हती. डॉक्टरही लबाड नव्हता. काहींचे दुखणे ओसरायच्याच बेतात होते, काहींना धीराने आणि शुश्रूषेने बरे वाटले, काहींना टोचण्याने. आपला पायाळू माणूस आणि त्यांची सुरी या दोघांचे यश बरेचसे एकाच खात्यावर जमा करावे लागते. म्हणूनच या क्षेत्रात ‘अमक्याला गुण आला’ एवढ्यावर विश्वासणे धोक्याचे आहे.

बॉगडक नुसते दोष काढून थांबले नाहीत. १९८० साली त्यांनी सुधारलेली रीत सांगितली. १९८७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक बारीक पण फार मोलाची गोष्ट दाखवली. सुई तापते तेव्हा तिच्या टोकापुढे फारसे काही जळत नाही. जळते ते टोकाच्या सभोवती, तांदळाच्या दाण्यासारखे लांबोळे. म्हणजे सुई तंतूवर उभी खुपसली तर तंतू बहुधा वाचेल. ती तंतूच्या अंगाला लागून आडवी निजवली पाहिजे. तेच यंत्र, तीच सुई. पण ठेवण्याचा कोन बदलला की निकाल बदलतो.

हत्यारांची परीक्षा

आता हत्यारे पाहू. मूळ रीत साध्या उष्णतेची. रुग्णाला पोटावर झोपवतात. कातडी बधिर करतात. क्ष-किरणांच्या चालत्या चित्रात पाहत सुई नेमक्या हाडाच्या कोनापाशी नेतात. मग हलका प्रवाह सोडून पाहतात, की पायाचे स्नायू उडतात का. उडाले तर सुई मोठ्या मज्जातंतूच्या जवळ आहे, ती हलवायची. सगळे ठीक असले तर पुन्हा बधिर करून सेकंदाला सुमारे पाच लाख आवर्तने करणारा प्रवाह सोडतात. त्याने सुईभोवतीचे ऊतक सुमारे ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि मिनिट-दीड मिनिटात काम होते. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. पुढचे काही दिवस जागा ठणकते, कधी कातडीला चुरचुर सुटते. खरा आराम यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात.

परंतु तंतू पुन्हा वाढतो. म्हणून आराम मिळालाच तर तो सहसा सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहून थोडा अधिक टिकतो. मग दुखणे परतले तर उपचार पुन्हा करता येतो. ‘कायमचा इलाज’ असे कोणी म्हणत असेल तर तेवढ्यावरूनच त्याची पारख करावी.

दुसरी रीत स्पंदित प्रवाहाची. सेकंदातून दोनदा, प्रत्येक वेळी सेकंदाचा पन्नासावा भाग एवढाच प्रवाह सोडायचा आणि उष्णता ४२ अंशांवर जाऊ द्यायची नाही. हिच्यात तंतू जळत नाही, नुसता ‘समजावला’ जातो. सौम्य म्हणून ती मनाला भावते. परंतु तुर्कस्तानात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ६० रुग्णांच्या तुलनेत, सहा महिने आणि वर्षानंतर साध्या उष्णतेचा आराम टिकला, स्पंदित प्रवाहाचा ओसरला. फॅसेट सांध्यासाठी तरी सौम्यपणा कामास आला नाही.

तिसरी, पाण्याने थंड राखलेली सुई. जाळायचे तर थंड कशाला, असे वाटेल. भाकरी करताना तवा फार तापला तर पापुद्रा करपतो आणि आत कच्चे राहते, तसेच हे. टोक आतून पाण्याने थंड ठेवले की लगतचे ऊतक करपत नाही आणि उष्णता दूरवर पसरते. जळणारा भाग मोठा आणि गोलसर होतो, त्यामुळे सुईचा कोन थोडा चुकला तरी चालते. कंबरेच्या तळाशी माकडहाडाच्या वर जो त्रिकास्थीचा सांधा आहे, त्याचे तंतू वाटेल तसे पसरलेले असतात. तिथे या मोठ्या गोळ्याचा उपयोग समजण्यासारखा आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ५१ रुग्णांच्या एका अमेरिकन चाचणीत, तीन महिन्यांनी खऱ्या उपचारातील ४७ टक्के रुग्ण यशस्वी ठरले, तर खोट्या उपचारातील १२ टक्के. पण फॅसेट सांध्यासाठी साध्या आणि थंड सुईची २०१९ साली ४३ रुग्णांत तुलना झाली, तेव्हा सहा महिन्यांनी दोघींत सांगण्यासारखा फरक आढळला नाही. किंमतीत मात्र फरक असतो.

चौथी रीत गोठवण्याची. इंग्लंडमध्ये लॉइड आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली ती वेदनेसाठी पुढे आणली. सुईच्या टोकाशी दाबाखालचा वायू फुलतो, फुलताना थंड होतो आणि बर्फाचा इवलासा गोळा तंतूला वेढतो. आतला धागा मरतो, पण बाहेरची नळी शाबूत राहते, म्हणून तंतू पुन्हा नीट वाढतो. सुई मात्र जाड असते आणि कंबरेबाबतचा पुरावा उष्णतेच्या मानाने तोकडा आहे.

पाचवी, दुर्बिणीची. लहान छेदातून नळी घालायची आणि तंतू डोळ्यांनी पाहून तोडायचा. ऐकायला हे सर्वांत खात्रीचे वाटते. तथापि ही लहानशी का होईना, शस्त्रक्रियाच आहे, आणि मोठ्या, काटेकोर चाचण्यांचे पाठबळ तिला अजून मिळायचे आहे.

सहावी रीत सांध्याची नव्हेच. मणक्याच्या ठोकळ्याच्या आत हाडातून जाणारा एक तंतू आहे, तो ठोकळ्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठाची खबर नेतो. एम.आर.आय.मध्ये त्या पृष्ठांलगत काही विशिष्ट बदल दिसतात. १९८८ साली मोडिक यांनी त्यांचे वर्णन केले म्हणून ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. असे बदल असलेल्या रुग्णांत हाडातून वाट काढून हा तंतू ८५ अंशांवर १५ मिनिटे तापवतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या २२५ रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांनी, योजनेबरहुकूम उपचार झालेल्यांची तुलना केली तेव्हा, अपंगत्वाच्या १०० गुणांच्या मापावर खऱ्या उपचाराने सरासरी २०.५ गुणांची सुधारणा झाली. आणि तंतू न जाळता नुसते सोंग केलेल्यांत? तिथेही १५.२! पुढे दुसऱ्या चाचणीत सोंगाचा गट न ठेवता नेहमीच्या उपचारांशी तुलना केली, तेव्हा फरक पुष्कळच मोठा दिसला: २५.३ विरुद्ध ४.४. दोन्ही आकडे खरे आहेत. पण तुलना कोणाशी केली यावर यश किती मोठे दिसते, हे यावरून कळेल.

पहिला प्रश्न

हत्यारे झाली. आता तो पहिला प्रश्न: मुळात दुखते आहे ते त्याच सांध्यातून कशावरून?

एम.आर.आय. हे सांगू शकत नाही. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या कित्येकांच्या चित्रात झीज दिसते आणि त्यांची कंबर मुळीच दुखत नसते. म्हणून परीक्षा अशी करतात: संशयित तंतूंपाशी बधिर करणाऱ्या औषधाचे काही थेंब सोडायचे. दोन-चार तास दुखणे जवळजवळ नाहीसे झाले तर चोर सापडला.

पण चोर खरोखर सापडतो का? श्वार्झर, बॉगडक आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली १७६ रुग्णांत हे तपासले. पहिल्या इंजेक्शनला ४७ टक्क्यांनी होकार दिला. दुसऱ्या, खात्रीच्या इंजेक्शनला अर्ध्याहून अधिक आराम पडलेले उरले अवघे १५ टक्के. पहिल्या ‘हो’वर भरवसा ठेवून सर्वांच्या पाठीत सुया घातल्या असत्या, तर त्यांतील बहुतेकांचा निरपराध तंतू जळाला असता.

या एका गोष्टीने पुढच्या दोन प्रसिद्ध निकालांचा उलगडा होण्यास मदत होते. २००० साली ड्रायफस आणि सहकाऱ्यांनी फार कडक गाळणी लावून केवळ १५ रुग्ण निवडले, सुया तंतूला समांतर ठेवल्या, आणि तंतू खरोखर मेला की नाही हे पाठीच्या स्नायूंची विद्युत्-तपासणी करून पडताळले. वर्षानंतर ६० टक्के रुग्णांचे दुखणे किमान नऊ दशांशाने कमी होते. या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता आणि रुग्ण मूठभर होते, हेही सांगितले पाहिजे.

उलट २०१७ साली नेदरलँड्समध्ये १६ दवाखान्यांतील ६८१ रुग्णांवरच्या तीन चाचण्या एकत्र प्रसिद्ध झाल्या. अर्ध्यांना नुसता व्यायाम, अर्ध्यांना व्यायाम अधिक तंतू जाळणे. निष्कर्ष असा, की जाळल्याने रुग्णाला जाणवेल एवढा जादा फायदा झाला नाही. टीकाकार म्हणाले, “तुम्ही एकाच इंजेक्शनच्या होकारावर माणसे निवडली, निकाल असाच लागणार.” चाचणीवाले म्हणाले, “रोजच्या दवाखान्यात असेच निवडतात.” दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि त्यातच रुग्णाची खरी अडचण आहे. कारण त्याला उपचार मिळणार तो आदर्श प्रयोगशाळेत नव्हे, रोजच्या दवाखान्यात.

तज्ज्ञांच्या पंचायतींतही एकमत नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ साली सांगितले, की इतर उपचार थकले असतील, दुखणे दहापैकी पाच किंवा अधिक असेल आणि इंजेक्शनच्या परीक्षेत होकार आला असेल, तर या उपचाराचा विचार करावा. २०२५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या दुसऱ्या मार्गदर्शनाने मात्र तीन महिन्यांवरच्या, कर्करोगाशी संबंध नसलेल्या मणक्याच्या दुखण्यात सांध्यांचे तंतू जाळू नयेत, अशी ठाम शिफारस केली. वेदना-तज्ज्ञांच्या काही संघटनांनी तिच्यावर कडक हरकत घेतली.

तर मग रुग्णाने काय करावे?

प्रथम, काही दुखण्यांत या चर्चेला थाराच नाही. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली, पाय लुळा पडू लागला, ताप येत राहिला, वजन उतरू लागले किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे.

तसे काही नसेल, तर नेटाने व्यायाम केल्याशिवाय सुईचा विचार करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन दिले, त्यात व्यायाम आणि दुखण्याची नीट समजूत करून देणे यांना मानाचे स्थान आहे. डच चाचण्यांतही नुसता व्यायाम करणाऱ्यांची प्रकृती पुष्कळ सुधारली होती, हे विसरू नये.

तरीही दुखणे हटले नाही आणि डॉक्टरांनी तंतू जाळायचे सुचवले, तर मोकळ्या मनाने काही प्रश्न विचारावेत. माझे दुखणे याच सांध्याचे कशावरून? परीक्षेचे इंजेक्शन एकदा देणार की दोनदा, आणि किती टक्के आराम पडला तर होकार धरणार? सुई तंतूला समांतर ठेवणार का? महागडी सुई सुचवत असाल तर माझ्या बाबतीत तिचा जादा फायदा कोणता? आराम किती महिने अपेक्षित आहे, आणि त्या महिन्यांत मी कोणता व्यायाम करावा? पेसमेकर बसवलेला असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते न विचारता आधीच सांगावे. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल, त्याच्यासमोर पोटावर झोपण्याची घाई नको.

परीक्षेच्या इंजेक्शनानंतर घरी येताना मात्र एक पथ्य पाळावे. आपल्याला बरे वाटावे अशी आपलीच फार इच्छा असते, आणि सोबत आलेल्यांची तर त्याहून अधिक. तेव्हा दर तासाला दुखणे दहापैकी किती, ते वहीत टिपून ठेवावे; नेहमी ज्याने कळ येते तेच वाकणे-उठणे करून पाहावे. फरक पडला नसेल तर डॉक्टरांचे मन न मोडता तसे स्पष्ट सांगावे. तो ‘नाही’ तुमचा एक निरपराध तंतू वाचवील आणि पैसेही.

ज्याचा चोर खरोखर त्या लहानशा बिजागरीत दडलेला आहे आणि ज्याची सुई योग्य जागी निजली आहे, त्याला वर्षभर सुखाची झोप मिळू शकते. जुनाट दुखणाईताला ही काही लहान देणगी नव्हे. आजच्या डॉक्टरच्या हाती डाग देणाऱ्या आजोबांपेक्षा पुष्कळ बारीक सळई आली आहे. पण डाग द्यायचा कोठे, हा प्रश्न त्याच्यापुढेही तसाच उभा आहे.

यंदा माळ्यावरचे डबे उतरवताना मात्र शिडी घ्या, गुडघ्यात वाका, आणि जड पातेल्याला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्या. फराळाच्या ताटावर मांडी घालून सुखाने बसता यावे, एवढीच या अंकाच्या वाचकांना शुभेच्छा!